राखेखालचा विस्तव

विदर्भात रोडग्यांचा बेत ठरला की वावरात नाहीतर देवळाच्या आवारात गवऱ्यांचा जगरा पेटतो. जाळ बसला, निखारे लाल झाले की कणकेचे रोडगे त्यात भाजायचे. तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी शेजारच्या चुलीवर. नागपूरच्या उन्हाळ्यात या स्वयंपाकातली सगळ्यात धोक्याची वेळ जाळ भडकलेला असतानाची नव्हे, जेवणं आटोपून मंडळी निघतात तेव्हाची.

याचं कारण गवरीत आहे. इंधन तापलं की त्यातून ज्वलनशील वायू निघतात आणि त्यांची ज्वाला होते. वायू सरले की उरलेला कोळसा ज्वालेविना धुमसतो, त्याला थोडा प्राणवायूही पुरतो. गवरीत राख होणारा खनिज भाग लाकडाहून बराच जास्त, त्यामुळे निखाऱ्यावर राखेचा जाड थर साठतो. हा थर आतली धग बाहेर जाऊ देत नाही आणि हवाही मोजकीच आत सोडतो. रोडगा मंद आचेवर आतपर्यंत भाजला जातो तो यामुळेच. पूर्वी घरोघरी रात्री निखारा राखेत झाकून ठेवत आणि सकाळी फुंकर घालून चूल पेटवत, तेही याच गुणावर.

म्हणून वरून पांढरा पडलेला जगरा कित्येक तासांनीही जिवंत असू शकतो. त्यावर माती लोटून निघून जाणं मला घातक वाटतं. माती राखेचंच काम करते.

भोवतालही तयारच असतो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. मे महिन्याच्या दुपारी इथली सापेक्ष आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांखाली उतरते आणि वाळल्या गवतात, सागाच्या पाल्यात जेमतेम पाच टक्के ओलावा उरतो. एरवी ठिणगीची बरीच उष्णता हे पाणी उडवण्यात खर्ची पडते. इथे उडवायला पाणी जवळपास नाहीच. वावटळीने राख उधळली की धुऱ्यावरचं गवत, पऱ्हाटीचा ढीग, कुटार, काहीही पेटू शकतं. पेंच, उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलाकडेला तर चूल मांडूच नये. राखीव जंगलात आग पेटवणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हाच आहे.

विझवायचं ते पाण्याने. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. मात्र बादली एकदम उपडी केली तर वाफेबरोबर तापलेली राख अंगावर उडते. लांबून शिंपडावं, काठीने राख उलथावी, पुन्हा शिंपडावं. शेवटी राखेच्या वर थोड्या अंतरावर हाताची मागची बाजू धरून पाहावी. धग लागली तर आणखी पाणी.

शहरात कोळशाची शेगडी बंद बाल्कनीत पेटवणाऱ्यांना धोका वेगळा. तिथे वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. शेगडी उघड्यावरच हवी, तीही ऊन उतरल्यावर. हवा त्वचेहून तापलेली असताना शरीराला थंड व्हायला घामाखेरीज वाट नसते.

आणि शेवटचा धोका उरलेल्या वरणाचा, विषबाधेचा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जिवाणूचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि ४३ ते ४७ अंशांत हा जिवाणू सगळ्यात वेगाने वाढतो, सुमारे दहा मिनिटांत दुप्पट. मे महिन्याच्या दुपारी सावलीतलं तापमानही अनेकदा जवळपास तेवढंच असतं, त्यामुळे झाकलेलं मोठं पातेलं त्याखाली निवतच नाही. वरण उकळतं असतानाच वाढावं. उरलंच तर उथळ भांड्यांत काढून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावं.