साप थांबता कामा नये

टर्बो सीवर हात बसवलेल्या आपल्याकडच्या इंजिनीअरिंगच्या पिढ्यांना प्रोग्रॅमच्या शेवटी ‘गेटच’ लिहायची सवयच असते. नाही लिहिलं तर निळा एडिटर लगेच परत येतो आणि उत्तर वाचायच्या आत गायब. गेटचचं काम एवढंच, की कुणी बटण दाबेपर्यंत प्रोग्रॅमला जागेवर रोखून धरायचं. बेरीज-वजाबाकीला ते सोयीचं. पण याच मुलांनी हौसेनं सापाचा खेळ लिहायला घेतला, की पंचाईत होते. साप एक घर सरकतो आणि गेटचपाशी थिजतो. भुकेला साप अदबीनं परवानगीची वाट बघतोय, हे दृश्य मजेशीर खरं, पण खेळ म्हणून निकामी.

थांबलो नाही तर बटण निसटेल, ही भीती मात्र खोटी. बटणाची पहिली नोंद आपला प्रोग्रॅम घेतच नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीवर बटण दाबलं की कीबोर्डकडून प्रोसेसरला इंटरप्ट जायचा. हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवून तो बटणाची नोंद मेमरीतल्या छोट्याशा बफरमध्ये टाकायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. तिथे १५ बटणं मावत. सोळावं आलं की स्पीकर कुरकुरायचा. बटण सोडल्याचाही वेगळा संकेत येई, मूळ क्रमांकात १२८ मिळवून. तो बफरमध्ये जात नसे. बाणाचं बटण अजून दाबलेलंच आहे का, हे हवं असेल तर खेळाला इंटरप्टच स्वतःकडे घ्यावा लागे.

थोडक्यात, पोस्टमन पत्र पेटीत टाकून गेलेला असतो. दारात ताटकळायचं कारण नाही, जाता-येता पेटीत डोकावलं की झालं. टर्बो सीत हे डोकावणं म्हणजे ‘केबीहिट’. तेही गेटचच्याच हेडर फाइलमध्ये असतं. बफरमध्ये काही आहे का, एवढं सांगून ते तत्काळ परततं. असेल तरच गेटच, नाहीतर साप पुढे.

लिनक्सच्या टर्मिनलवर आणखी एक अडसर आहे. बॅकस्पेसनं चूक सुधारता यावी म्हणून कर्नल अख्खी ओळ स्वतःकडे ठेवतो. एंटरशिवाय प्रोग्रॅमच्या हाती एक अक्षर लागत नाही. टर्मिनलच्या सेटिंगमधून ही पद्धत बंद करायची आणि मग ‘पोल’ या सिस्टिम कॉलला शून्य मुदत देऊन बटण आलंय का, ते विचारायचं.

एवढं जमलं म्हणून लूप मोकाट सोडू नये. प्रोसेसरचा एक कोअर १०० टक्के राबतो आणि लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फेरीला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. काम उरकून उरलेला वेळ पोलला मुदत म्हणून द्यावा. बटण आलं तर तो आधीच जागा होतो. साप मात्र घड्याळ पाहूनच हलवावा, नाहीतर बटणं बडवली की तो पळत सुटेल.

आणि बाहेर पडताना टर्मिनल पूर्ववत करायला विसरू नका. खेळ मध्येच कोलमडला आणि टाइप केलेलं दिसेनासं झालं, तर घाबरू नका: न दिसताच ‘रीसेट’ ही कमांड टाइप करून एंटर दाबा.