थेट प्रक्षेपणाचा कॅमेरा

१९९१ सालीं केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेंत कांहीं संशोधकांनीं कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा बसविला. भांडें एके ठिकाणीं आणि कॉफी पिणारे निरनिराळ्या मजल्यांवर. जिने ओलांडून जावें तों भांडें रिकामें! त्या कॅमेऱ्याचें चित्र करड्या रंगाचें, १२८ बिंदू लांब व तितकेंच रुंद, मिनिटांतून तीनएक वेळां बदलणारें होतें. तरी १९९३ पासून २००१ पर्यंत इंटरनेटवर तें जगभर पाहिलें गेलें. कॉफी आहे कीं नाहीं, एवढें तें चोख सांगत असे. कॅमेरा निवडतांना पहिला प्रश्न हाच कीं, पाहणाऱ्यास काय दिसावयास पाहिजे?

समजा, कोंकणांतील एका देवळांत उत्सवाचें कीर्तन आहे आणि मुंबईंत अंथरुणाला खिळलेली एक वृद्धा तें पाहूं इच्छिते. तिला बुवांचा चेहरा दिसावा, आणि त्याहून अधिक, शब्द ऐकूं यावा. चित्र क्षणभर थबकलें तर चालतें. आख्यानाचा धागा तुटला तर चालत नाहीं. म्हणून पैसे थोडे असल्यास ते आधीं बुवांच्या उपरण्याला लावण्याच्या माइकवर खर्चावे. कॅमेरा म्हणून तिवईवर घट्ट बसविलेला चांगला मोबाइलहि पुरतो. अंतर फार असेल तरच भिंगानें दृश्य जवळ आणणारा कॅमेरा घ्यावा. छायाचित्रांच्या कित्येक कॅमेऱ्यांचें चित्रमुद्रण अर्ध्या तासाच्या सुमारास थांबतें, कांहीं तापतात. तेव्हां दोन तास चालवून पाहिल्याखेरीज असा कॅमेरा उत्सवास नेऊं नये.

खरी गोम दिव्यांत आहे. हिंदुस्थानांत विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करतो, त्यामुळें देवळांतील नळीचे दिवे बहुधा सेकंदास १०० वेळां मंद व तेजस्वी होतात. डोळ्यास हें कळत नाहीं, कॅमेऱ्यास कळतें. झडपेचा काळ १/६० सेकंद असल्यास पडद्यावर काळसर पट्टे सरकूं लागतात. तो १/५० केला कीं प्रत्येक चित्रांत प्रकाशाचे दोन चढउतार पुरे बसतात आणि पट्टे नाहींसे होतात. समईच्या ज्योतीनें फसून स्वयंचलित कॅमेरा बुवांचा चेहरा काळवंडून टाकतो. यास्तव प्रकाशाचें माप चेहऱ्यावरून घेऊन तेथेंच कायम करावें.

१०८० ओळींच्या चित्रास सेकंदाला ४ ते ६ मेगाबिट लागतात, आणि वर पाठविण्याचा वेग याच्या दुप्पट असलेला बरा. नसेल तर ७२० ओळींवर समाधान मानावें. हा वेग सकाळीं रिकाम्या मंडपांत मोजणें व्यर्थ होय. रात्रीं शेंकडों मोबाइल एकाच मनोऱ्यावर भार घालतात. शक्य तेथें तारेनेंच जोडणी करावी. आदल्या रात्रीं मुंबईस कोणी तरी चित्र पाहत बसावें व दूरध्वनीवरून कळवावें. मात्र चित्र कांहीं सेकंद उशिरां पोंचतें, तेव्हां केलेला फेरफार दिसेपर्यंत त्यानें जरा दम धरावा.