झडप बदलायची : कोणाला काय विचारावे?

विहिरीवर पंप बसवताना पाइपाच्या खालच्या टोकाला एक झडप लावतात. तिला फूटव्हॉल्व्ह म्हणतात. पंप सुरू झाला की ती उघडते आणि पाणी वर येऊ देते. पंप थांबला की ती मिटते आणि पाइपातले पाणी परत विहिरीत पडू देत नाही. ही झडप गळू लागली, तर पंप कितीही चांगला असला तरी पाणी चढत नाही. ती गाळाने अडकून नीट उघडेनाशी झाली, तरी तोच त्रास.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या छातीतल्या पंपालाही अशा चार झडपा आहेत. त्यांतली एखादी बिघडली तर काय होते, ती बदलता कशी येते, आणि ऐन तरुणपणी अशा शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्याला धीर कोण देऊ शकते, हे या लेखात पाहू.

चार झडपांचे काम

हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका किंवा अलिंद म्हणतात, खालच्या दोन कप्प्यांना जवनिका किंवा निलय. उजव्या कर्णिकेतून उजव्या जवनिकेत जाताना त्रिदली झडप लागते, तर डाव्या कर्णिकेतून डाव्या जवनिकेत जाताना द्विदली झडप. तिसरी झडप फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीच्या तोंडाशी असते आणि चौथी महाधमनीच्या तोंडाशी.

हृदय मिनिटाला सुमारे ७० वेळा धडधडते असे धरा आणि दिवसाचा हिशेब करा. ७० गुणिले ६० गुणिले २४ म्हणजे १,००,८००! दिवसाकाठी लाखभर वेळा या झडपा उघडतात आणि मिटतात. डॉक्टर छातीला नळी लावून जे 'लब्-डब्' ऐकतात, तो मुख्यतः झडपा मिटण्याचाच आवाज असतो. एखादी झडप आखडली किंवा गळू लागली, की या आवाजात फुसफुस मिसळते. पुष्कळदा रोगाची पहिली खूण तीच असते.

घसा दुखतो, झडप बिघडते

झडपेचे रोग म्हातारपणीच होतात असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. काही मुले सदोष झडप घेऊनच जन्माला येतात. महाधमनीच्या झडपेला तीन पाकळ्या असाव्या लागतात. दर शंभरात एकदोन माणसांना त्या जन्मतः दोनच असतात. शिवाय आपल्या देशात संधिवाती ज्वर हे तरुणपणी झडप बिघडण्याचे मोठे कारण आहे.

या ज्वराची सुरुवात साध्या घसादुखीने होते. स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या एका जंतूमुळे घसा सुजतो. शरीर त्या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पण जंतूचे काही घटक आणि आपल्या हृदयाचे काही घटक एकमेकांसारखे असतात. त्यामुळे काही मुलांत शरीराची ही संरक्षक फौज चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर चालून जाते. घसा दुखल्यानंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजतात. बहुधा ५ ते १५ वर्षांच्या मुलांना हा ज्वर होतो. सांधे पूर्ण बरे होतात; झडपेवर मात्र व्रण राहू शकतात. ज्वर पुनःपुन्हा आला की पाकळ्या जाड होतात आणि एकमेकींना चिकटतात. निरोगी माणसात द्विदली झडपेचे तोंड ४ ते ६ चौरस सेंटीमीटर उघडते. ते दीड चौरस सेंटीमीटर किंवा त्याहून कमी झाले, की रोग तीव्र समजतात.

हे सारे घडायला वर्षे लागतात. म्हणून घसा दुखतो दहाव्या वर्षी आणि जिना चढताना धाप लागते विसाव्या वर्षी.

एका ताईची गोष्ट

समजा, तुमच्या शेजारी राहणारी एक ताई वीस वर्षांची आहे. कॉलेजात शिकते. तिची द्विदली झडप बिघडली आहे. काही रोग्यांत मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन चिकटलेली झडप मोकळी करता येते. काहींत शस्त्रक्रियेने तीच झडप दुरुस्त करता येते, आणि ते जमत असेल तर उत्तमच. पण ताईच्या झडपेत फार चुना साचला आहे. डॉक्टर म्हणाले, "झडप बदलावी लागेल. धातूची बसवायची की प्राण्याच्या ऊतीची, याचा घरी विचार करा."

ताईने काय विचार करावा? दोन्ही बाजू नीट मांडून पाहू.

धातूची, म्हणजे यांत्रिक झडप फार टिकाऊ असते. ती दशकानुदशके चालू शकते. भारतातही अशी झडप तयार झाली आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकामागून एक तीन नमुने बाद झाल्यावरही काम सोडले नाही. चौथा नमुना उतरला, आणि डिसेंबर १९९० मध्ये तो प्रथम रोग्याला बसवण्यात आला. धातूच्या कड्यात तिरपी होणारी प्लॅस्टिकची चकती, अशी तिची रचना आहे.

पण परक्या पृष्ठभागावर रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणून यांत्रिक झडप बसवलेल्या माणसाला रक्त सहज गोठू नये यासाठी वॉर्फरिन किंवा त्याच जातीचे औषध जन्मभर घ्यावे लागते. औषध कमी पडले तर गुठळी होते, जास्त झाले तर रक्तस्राव होतो. त्यासाठी आय.एन.आर. नावाची रक्ततपासणी वरचेवर करावी लागते. निरोगी माणसाचा हा आकडा १ च्या आसपास असतो. यांत्रिक झडप असलेल्यांचा तो साधारण २ ते ३.५ यांच्या दरम्यान, झडपेचा प्रकार आणि जागा पाहून, डॉक्टर ठरवून देतात. शिवाय या औषधाने गर्भाला इजा होऊ शकते. पुढे मूल हवे असेल तर आधीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने चालावे लागते.

दुसरी झडप डुकराच्या झडपेपासून किंवा गाईच्या हृदयावरच्या आवरणापासून बनवतात. तिला बहुधा जन्मभर असे औषध लागत नाही. पण ती झिजते, आणि तरुण शरीरात अधिक लवकर झिजते. दहा-पंधरा वर्षांत, कधी त्याआधीच, पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

म्हणजे एकीकडे रोजची गोळी, दुसरीकडे पुन्हा एकदा छाती उघडणे. वीस वर्षांच्या मुलीपुढे हा प्रश्न आहे, आणि सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर त्याला नाही.

डॉक्टरांकडे नसलेली उत्तरे

डॉक्टरांनी ताईला सर्व समजावून सांगितले. छातीच्या मधले हाड उभे कापून हृदयापर्यंत पोचतात. तेवढा वेळ हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम यंत्र करते. नंतर हाड तारेने बांधतात, आणि ते सांधायला सहा ते आठ आठवडे, कधी थोडे अधिक, लागतात. ताईला सारे कळले. तरीही रात्री तिला झोप येईना. तिच्या मनात वेगळेच प्रश्न होते.

शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा कसे वाटते? खोकला आला तर किती दुखते? धातूच्या झडपेची टिकटिक खोलीतल्या मैत्रिणीला ऐकू जाते का? गळ्याखालचा व्रण दिसतो, त्याबद्दल लोक विचारतात तेव्हा काय सांगायचे? परीक्षा बुडाली तर? लग्नाच्या बोलण्यात हे केव्हा सांगायचे?

वॉर्डात तिच्या आजूबाजूला बहुतेक साठीच्या पुढची माणसे. ती मायेने म्हणत, "बाळ, या वयात तुला हे कशाला गं?" या शब्दांनी धीर येत नाही, एकटेपणा वाढतो. आईजवळ बोलावे तर तिचेच डोळे भरून येतात. ताईला हवी होती तिच्याच वयाची, याच वाटेने जाऊन आलेली एखादी व्यक्ती.

बोस्टनमधले चार रोगी

ही गरज नवीन नाही. १९४८ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स बेली आणि डॉ. ड्वाइट हार्किन यांनी काही दिवसांच्या अंतराने आखडलेल्या द्विदली झडपेवर यशस्वी शस्त्रक्रिया केल्या. त्या काळी हृदयाला हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ समजला जाई. बेलींचे आधीचे रोगी दगावले होते. अशा वेळी शस्त्रक्रियेला तयार होणाऱ्या रोग्याच्या मनाची कल्पना करा!

१९५१ साली बोस्टनमध्ये हार्किन यांच्या हाताखालून बरे झालेले चार रोगी एकत्र आले. आपण वाचलो, आता ज्यांची पाळी आहे त्यांना भेटावे, असे त्यांनी ठरवले. त्यातून 'मेंडेड हार्ट्स', म्हणजे 'सांधलेली हृदये', ही संस्था उभी राहिली. ती आजही काम करते. तिचे सदस्य रोग्यांना भेटतात आणि त्यांचे ऐकून घेतात. भेटीला जाण्याआधी त्यांना प्रशिक्षण दिले जाते, आणि औषधोपचाराचा सल्ला द्यायचा नाही हा त्यांचा नियम आहे.

अशा सोबतीचा खरोखर उपयोग होतो का? जेम्स क्युलिक आणि हाइके मालर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली एक सुरेख अभ्यास प्रसिद्ध केला. बायपास शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या काही रोग्यांच्या खोलीत, ज्याची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे असा सोबती होता. काहींच्या खोलीत, ज्याची झाली आहे असा. दुसऱ्या गटातल्या रोग्यांची आधीची चिंता कमी आढळली. शस्त्रक्रियेनंतर ते अधिक हिंडूफिरू लागले आणि लवकर घरी गेले. अभ्यास लहान होता आणि झडपेच्या रोग्यांवर नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवे. पण त्यातले मर्म सहज पटण्याजोगे आहे. 'तू बरा होशील' हे सांगणे वेगळे, आणि बरा झालेला माणूस शेजारच्या खाटेवर बसून चहा पिताना दिसणे वेगळे.

सोबती कसा शोधावा?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे डॉक्टरांनाच विचारणे : "माझ्या वयाच्या, अशीच शस्त्रक्रिया झालेल्या कोणाशी भेट होईल का?" असे विचारण्यात डॉक्टरांवर अविश्वास मुळीच नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. ते अशी गाठ घालून देऊ शकतात. अर्थात त्या दुसऱ्या व्यक्तीची संमती घेऊनच. रक्ततपासणीसाठी येणाऱ्यांच्या रांगेतही झडप बदललेली पुष्कळ माणसे भेटतात.

पण एक पथ्य पाळलेच पाहिजे. वॉर्फरिनचीच गोष्ट पाहा. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत सडलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातल्या विषाचा शोध घेता घेता वॉर्फरिन तयार झाले. १९४८ साली ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले, आणि १९५४ साली माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले. विष आणि औषध यांत फरक फक्त मात्रेचा! मैत्रीण म्हणाली, "मी अर्धी गोळीच घेते," म्हणून आपणही अर्धी घ्यावी, हे म्हणूनच धोक्याचे आहे. पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वानेही या औषधाचा परिणाम कमी होतो, तेव्हा आहार कसा असावा हेही डॉक्टरांनाच विचारावे.

म्हणून प्रश्नांची एक वही करावी. एका पानावर डॉक्टरांचे प्रश्न : कोणती झडप, किती मात्रा, केव्हा तपासणी. दुसऱ्या पानावर सोबत्याचे : भीती कशी गेली, झोप केव्हा लागली, कॉलेजात कसे सांगितले. आणखीही एक ध्यानात ठेवावे. एकाचा अनुभव म्हणजे सर्वांचा अनुभव नव्हे. कोणाला पंधरा दिवसांत बरे वाटते, कोणाला तीन महिने लागतात.

समजा, ताईला अशी एक मैत्रीण भेटली. ती म्हणाली, "पहिले काही दिवस उशी छातीशी धरून खोकायचे. टिकटिक रात्री ऐकू येते खरी, पण आता ती आली नाही तरच मी दचकेन!" ताई हसली. झडप कोणती घ्यायची हा निर्णय मैत्रिणीने दिला नाही. तो ताई, तिचे आईवडील आणि डॉक्टर यांनी मिळून घ्यायचा आहे. पण आता ती तो विचार शांतपणे करू शकत होती.

आणि तुम्ही?

तुमच्या वर्गातही एखादा असा मित्र असेल. तुमची शस्त्रक्रिया झालेली नाही. तेव्हा "मला कळते तुला काय होते" असे म्हणू नका. "सांगायचे असेल तर मी ऐकतो" असे म्हणा. बुडालेल्या तासांच्या वह्या त्याला उतरवून द्या. तो परत आला की खेळाच्या तासाला त्याला गुण मांडायला बोलवा, पण छातीला धक्का लागेल अशी मस्ती करू नका. त्याला 'पेशंट' अशी हाक तर कधीच मारू नका.

आणि तुमचा स्वतःचा, किंवा धाकट्या भावंडाचा, घसा तापासह दुखू लागला तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. त्यांना जंतूचा संशय आला आणि त्यांनी औषध दिले, तर ते सांगितलेले सर्व दिवस घ्या. एकदा संधिवाती ज्वर होऊन गेलेल्या मुलांना तो पुन्हा होऊ नये म्हणून दर तीनचार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात. ते चुकवू नये. वर्गातल्या एखाद्या मुलाला त्या इंजेक्शनाची भीती वाटत असेल, तर त्याच्याबरोबर दवाखान्यात जा आणि बाहेरच्या बाकावर बसून राहा. सोबत देण्याची सुरुवात इतक्या साध्या गोष्टीनेही होते.