लेखांक अकरावा : फॅट गेली कुठे?

थायरॉईड ग्रंथीचे प्रकरण या आठवड्यात हाती घेऊ, असे मी म्हटले होते खरे. परंतु मध्यंतरी आरे कॉलनीतून एका वाचकांचे पत्र आले, आणि ते बाजूला सारून पुढे जाणे माझ्याच्याने होईना. पत्रलेखकांचा तबेल्याचा व्यवसाय दोन पिढ्यांचा आहे. खाल्लेल्या उष्मांकांचा जमाखर्च चुकत नाही, हे माझे म्हणणे त्यांना मान्य आहे. त्यांच्या म्हशीला मात्र ते मान्य नाही. चारा महागला म्हणून त्यांनी पॅरा गवत निम्म्यावर आणले आणि त्याची भरपाई मक्याचा भरडा व गोळी पेंड वाढवून केली. म्हैस अंगाने भरली, कमरेची हाडे दिसेनाशी झाली, दूधही थोडे वाढले. पण साडेसात लागणारी फॅट साडेपाचावर उतरली. ‘खुराक वाढवला, मग फॅट गेली कुठे?’ असा त्यांचा रोखठोक सवाल आहे.

हा सवाल आरेहून यावा, हे यथायोग्यच झाले. मुंबईच्या गल्लीबोळांत कोंडलेले तबेले उठवून म्हशींना गोरेगावच्या टेकड्यांत मोकळ्या हवेवर वसवण्याचा जो मनसुबा दारा खुरोडी यांनी दूध खात्याच्या अमदानीत तडीस नेला, त्यातून 1949 साली ही वसाहत उभी राहिली, आणि 4 मार्च 1951 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. म्हशीच्या दुधातील मुबलक स्निग्धांशावरच खुरोडींची सारी भिस्त होती. त्यात पाणी व मलईविरहित दुधाची पूड मिसळून तयार होणारे टोन्ड दूध अधिक घरांपर्यंत स्वस्तात पोचवता येत होते. तेव्हा फॅटचा आकडा हा तिथे केवळ शास्त्राचा विषय नव्हता, तो दराचा आणि पोटापाण्याचा विषय होता, आणि आजही आहे.

हा आकडा काढण्याची जुनी गर्बर पद्धत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो, कारण मला ती फार प्रिय आहे. बारीक मानेच्या काचनळीत 10 मिलिलिटर गंधकाम्ल, त्यावर अलगद 10.75 मिलिलिटर दूध, आणि वर 1 मिलिलिटर अमिल अल्कोहोल घालायचे. बूच लावून हलवताच आम्ल दुधातील प्रथिने विरघळवू लागते, आतला द्रव तपकिरी होतो आणि नळी फडक्याशिवाय हातात धरवत नाही इतकी तापते. मग ती चक्रयंत्रात गरगर फिरवली की पिवळसर, नितळ चरबी मानेत वर येऊन उभी राहते आणि रेघांवर आकडा वाचावा इतके काम सोपे होते. मनुष्याच्या देहाला अशी नळी लावता येत नाही, हे आपले दुर्दैव. आपल्यापाशी वजनाचा काटा, आणि तो हाडे, मांस, पाणी, चरबी या सर्वांची एकच ढोबळ बेरीज दाखवून मोकळा होतो.

आता म्हशीकडे वळू. तिने खाल्लेले गवत प्रथम पचवते ती म्हैस नव्हे. कोटीपोटात वस्ती करून असलेले असंख्य सूक्ष्मजीव ते पचवतात आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिओनिक व ब्युटिरिक ही आम्ले निर्माण करतात. म्हशीचे निर्वाहसाधन म्हणजे मुख्यत्वे ही आम्लेच. लांब, चोथ्याचे गवत असले की ॲसिटिक आम्ल अधिक होते, आणि दुधातील चरबीचा मोठा वाटा कास त्यापासूनच घडवते. भरडा वाढला की प्रोपिओनिकचे प्रमाण चढते. त्याची यकृतात साखर बनते, तिच्यापासून दुग्धशर्करा होते, म्हणून दूध वाढते. शिवाय चोथा कमी म्हणजे रवंथ कमी, रवंथ कमी म्हणजे लाळ कमी, आणि लाळेतील क्षार घटले की कोटीपोटातील आम्लता वाढून तिथल्या जीवांची वस्तीच पालटते.

प्रोपिओनिकमुळे इन्सुलिन चढते आणि ते चरबी कासेकडे जाऊ न देता अंगाकडे वळवते, असे पूर्वी समजत. हे अगदीच खोटे नव्हे. पण तेवढ्याने फॅट इतकी कोसळावी, हे प्रयोगांत जुळेना. पुढे कॉर्नेल विद्यापीठात डेल बाउमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, पालटलेल्या वस्तीतील जीवाणू खुराकातील लिनोलिक आम्लाचे अर्धवट रूपांतर करून त्याचा एक आडवळणाचा प्रकार तयार करतात, आणि तो कासेतील चरबीनिर्मितीला लगाम घालतो. त्या पदार्थाचे दिवसाला जेमतेम 10 ग्रॅम गायीच्या कोटीपोटाला वळसा घालून पुढे सोडले, तर दुधातील चरबी निम्म्याच्या आसपास घटते. प्रयोग गायींवरचे आहेत. परंतु पत्रलेखकांच्या गोठ्यात घडले ते याच जातीचे दिसते. त्यांनी भरडा हळूहळू उतरवावा आणि गवत फार बारीक न कापता घालावे. दोन-तीन आठवडे धीर धरला तर फॅट परत लागू लागेल.

या पदार्थाचा पुढचा इतिहास मोठा मौजेचा आहे. उंदरांना तो चारला असता त्यांच्या अंगावरची चरबी झरझर उतरली, हे वाचताच औषधविक्यांनी त्याच्या कुप्या भरून स्थूल माणसांना विकावयास काढल्या. माणसांत त्याचा परिणाम इतका किरकोळ निघाला की, कुपीवर खर्च करण्यापेक्षा त्याच पैशांची भाजी आणावी. उंदरांची यकृते मात्र चरबीने सुजली, हा तपशील जाहिरातीत सहसा नसतो.

तात्पर्य, म्हशीने जमाखर्चाचा कायदा मोडलेला नाही. आवक झाली तितकी तिने खर्ची वा शिल्लक टाकलीच; फक्त शिल्लक कोणत्या खात्यावर जमा करायची, हा हुकूम फिरला. आणि माणसांच्या बाबतीत मला नेमका हाच मुद्दा उपेक्षित वाटतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन या दोघा वैद्यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचेच छायाचित्र छापले. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, म्हणजे काट्याच्या लेखी दोघे सारखेच सडपातळ. पण युडकिन यांच्या देहात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या देहात 21.2 टक्के.

ही शिल्लक चरबीच्या खात्यावर टाकण्याची सवय आपल्याला कधी लागते? पुण्याभोवतालच्या सहा खेड्यांत 1993 पासून याज्ञिकांनी गर्भवती स्त्रियांचा जो अभ्यास चालवला, त्यात नवजात मुले सरासरी 2.7 किलोंची भरली, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनची 3.5 किलोंची. आपली मुले हातापायांनी, पोटाने, मांसाने लहान होती. त्वचेखालची चरबी तेवढी त्यांनी त्या मानाने राखून ठेवली होती. म्हणजे हुकूम निघतो तो आईच्या पोटातच. हे प्रकरण दोन परिच्छेदांत उरकण्याजोगे नाही. पुढचा आठवडा त्यालाच द्यावा लागेल, आणि थायरॉईडला आणखी थोडी मुदतवाढ.