सात नंबर ते चव्वेचाळीस

डिसेंबर १९४३. महायुद्ध चालू असतानाच प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी देशातल्या रस्त्यांची प्रतवारी ठरवली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग, गावरस्ते. शेतीसंपन्न भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर नसावे, असे या 'नागपूर योजने'चे उद्दिष्ट होते. रस्त्याचा दर्जा ठरवताना अभियंत्यांनी गावाचा विचार केला, याचे मला आजही मोल वाटते.

दर्जाला कायद्याचा आधार मिळाला तो नंतर. मुंबई राज्याचा महामार्ग कायदा १९५५ चा, राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा. दोन्हींचे सूत्र एकच: राजपत्रात अधिसूचना निघाली तर रस्ता महामार्ग. ती नसेल, तर रस्ता कितीही रुंद असो, त्यावरून कितीही ट्रक धावोत, कायद्याच्या लेखी तो महामार्ग नव्हे. अधिसूचनेनेच महामार्ग यादीतून वगळताही येतो.

नागपूरकरांना दोन आकडे पाठ होते. भंडारा रोड आणि अमरावती रोड म्हणजे सहा नंबर, कामठी रोड आणि वर्धा रोड म्हणजे सात. सात नंबर वाराणसीहून निघून जबलपूर, नागपूर, हैदराबाद करत कन्याकुमारीला जाई. तो देशातला सर्वांत लांब महामार्ग होता. २०१० मध्ये केंद्राने सगळे क्रमांक बदलले. उत्तर-दक्षिण मार्गांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम मार्गांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. त्या हिशेबाने नागपूरचा सात झाला श्रीनगर-कन्याकुमारी ४४ चा भाग आणि सहा झाला ५३. शाखांना तीन आकडी क्रमांक मिळाले, म्हणून उमरेडचा रस्ता ५३ ची शाखा, '३५३ डी'. पद्धत उत्तम आहे. नुसत्या आकड्यावरून मार्गाची दिशा कळते. अडचण एवढीच की जुने आकडेही दुसऱ्या रस्त्यांवर चलनात राहिले: आजचा सात पंजाबातून उत्तराखंडात जातो, आजचा सहा मेघालयातून मिझोरामला. जुनी कागदपत्रे हाती घेऊन नवा नकाशा पाहणारा गोंधळणारच.

दर्जाची खरी किंमत दिसली ती महामार्गालगतच्या दारूबंदीत. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. दारू मिळण्याचे फलकही काढायला सांगितले. लगेच राज्याराज्यांत रस्त्यांचे दर्जे उतरवायला सुरुवात झाली. आपल्याकडे यवतमाळ, जळगाव, लातूर इथले शहरातून जाणारे रस्ते पालिकांच्या गळ्यात घालण्याचे निर्णय झाले. पुढे जुलै २०१७ मध्ये न्यायालयानेच पालिका हद्दीला मोकळीक दिली. अपघात रोखण्यासाठी आलेला निवाडा चुकवायला रस्त्याची ओळख बदलली गेली, हे मला लाजिरवाणे वाटते.

आणि रस्त्याचा नवा क्रमांक सांगणारे फलक? मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ नुसार शासनाला ते उभारता येतात. कलम ११९ नुसार चालकाने अनिवार्य चिन्हे पाळलीच पाहिजेत. म्हणजे बंधन आहे ते चालकावर. २०१९ च्या दुरुस्तीतले कलम १९८ अ रस्त्याच्या रचनेतल्या आणि देखभालीतल्या कुचराईबद्दल यंत्रणेला आणि कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड सांगते, पण त्या कुचराईने कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आले तरच. म्हणून महामार्गाचा क्रमांक बदलला, की ठराविक मुदतीत प्रत्येक फाट्यावर जुना आणि नवा असे दोन्ही आकडे लावण्याची सक्ती त्याच अधिसूचनेत घालायला हवी.