आधी दम, मग तान

मराठी शिकवणाऱ्या माणसाने संगणकाच्या पोटातल्या गोष्टी सांगाव्यात, हे शास्त्राच्या प्राध्यापकांना चोंबडेपणाचे वाटेल. पण तसे कारण घडले. गेल्या वर्षी भाऊबीजेला मी मिरजेहून पुण्याला बहिणीकडे निघालो होतो. बरोबर माझा जुना लॅपटॉप होता. तो अलीकडे फार रेंगाळतो असे वाटून आदल्याच दिवशी मी त्याच्या कारभारात हात घातला होता. 'सदैव पूर्ण वेग' अशा अर्थाचा एक पर्याय सापडला. तो निवडला आणि स्वतःवरच खूश झालो. गाडीत एकीकडे गाणी लावली, दहाबारा खिडक्या उघड्या ठेवल्या आणि व्याख्यानाचे टिपण लिहू लागलो. थोड्याच वेळात मांडी भाजू लागली, आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला, आणि कऱ्हाड मागे पडते न पडते तोच पडदा काळा झाला. जतन करायची राहिलेली चार पाने गेली ती गेलीच.

माझा भाचा याच धंद्यातला. तो ड्रायव्हर लिहितो. हे प्रथम ऐकले तेव्हा आमच्या आत्याबाईंनी "एवढं शिकून ड्रायव्हरच का?" म्हणून कपाळाला हात लावला होता! पण हा ड्रायव्हर म्हणजे यंत्राच्या एखाद्या भागाला त्याच्या भाषेत हुकूम देणारा कार्यक्रम. वरची कार्यप्रणाली नुसते "वेग वाढव" म्हणते. तो वाढवायचा कसा, हे ड्रायव्हर जाणतो.

माझी हकीकत ऐकून भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही त्या बिचाऱ्याला सगळा रस्ता द्रुत लयीत गायला लावलंत!"

मग त्याने मला जे समजावले ते असे. प्रोसेसर ठोक्यांवर चालतो. २.४ गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला २४० कोटी ठोके. ही त्याची लय. आणि व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब, हा त्याचा दम. खर्चाचे गणित मोठे मजेदार आहे. या ठोक्यांपायी लागणारी वीज ठोक्यांच्या प्रमाणात वाढते, पण दाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात! नुसते ठोके निम्मे केले, तर दर क्षणाला वीज निम्मी लागेल खरी. पण तेच काम दुप्पट वेळ चालेल. म्हणजे हिशेब जिथल्या तिथे. खरी कमाई पुढेच आहे. लय उतरली की कमी दमावर भागते. दाब १ व्होल्टवरून ०.८ वर आणला, तर वर्ग होतो ०.६४. तेवढ्याच कामाला शंभराच्या जागी चौसष्ट खर्च.

"मग दाब कायमचाच कमी ठेवावा की!" मी म्हणालो.

"तिथंच तर गोम आहे," तो म्हणाला. दाब कमी असला की आतली कोट्यवधी सूक्ष्म बटणे सावकाश उघडमीट करतात. त्यांचे उत्तर तयार होण्याआधीच पुढचा ठोका पडला, तर अर्धवट उत्तरच पुढे जाते. म्हणून कोणत्या वेगाला निदान किती दाब हवा, याचे कोष्टक ठरलेले असते. ते पाळणे हे ड्रायव्हरचे काम. आणि त्यात क्रमाला फार महत्त्व आहे. वेग वाढवायचा असेल, तर आधी दाब चढवायचा, तो स्थिरावेपर्यंत थांबायचे आणि मगच ठोके वाढवायचे. हे थांबणे सेकंदाच्या दशलक्षांशांत मोजण्याइतके. पण थांबायचे म्हणजे थांबायचे. उतरताना नेमके उलट: आधी ठोके कमी, मग दाब कमी. गवयाने आधी दम भरावा, मग तान घ्यावी. तान संपल्यावर श्वास सोडावा. हा क्रम चुकला की गाणे बेसूर होणारच.

संगणक असा बेसूर झाला तर काय होते? बंद पडला तर उलट बरेच म्हणायचे. भीती आहे ती तो बंद न पडता चुकीचे उत्तर देण्याची. २०१९ साली बर्मिंगहॅम, ग्रात्स आणि ल्यूव्हेन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी हे दाखवूनच दिले. इंटेलच्या प्रोसेसरचा दाब त्यांनी कार्यक्रमाच्या हुकुमानेच, बेताने खाली ओढला. यंत्र चालूच राहिले, पण गुणाकार चुकू लागले. आणि त्या चुकलेल्या आकड्यांवरून त्यांनी प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातील गुप्त किल्ल्या शोधून काढल्या. या हल्ल्याचे नाव प्लंडरव्होल्ट. पुढे इंटेलला दाब बदलण्याच्या त्या वाटेला कुलूप घालण्याची सोय करून द्यावी लागली. दाबाची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्यावर किती विश्वास टाकलेला असतो पाहा!

आता वेग केव्हा वाढवायचा आणि केव्हा उतरवायचा, हे कोणी ठरवायचे? त्यासाठी लिनक्स प्रणालीत 'गव्हर्नर' नेमलेले आहेत. आमच्याकडचे राज्यपाल नव्हेत. हे रोज राबणारे! मार्क वायझर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली झेरॉक्सच्या संशोधनशाळेत या प्रश्नाचा अभ्यास केला होता. मागच्या क्षणी किती काम होते त्यावरून पुढच्या क्षणाचा अंदाज बांधावा, ही त्यांनी तपासलेली एक युक्ती. 'ऑनडिमांड' हा गव्हर्नर अशीच ठरावीक वेळाने नाडी पाहतो आणि भार फार दिसला की एकदम वरचा वेग मागतो. २०१६ साली आलेला 'शेडयुटिल' कामे वाटणाऱ्या मुकादमालाच विचारतो, "आत्ता ओझं किती?" आणि गरजेच्या सव्वापट वेग मागतो. दक्षिणा सव्वा रुपया, तसा वेगही सव्वापट. अचानक काम आले तर पाव भाग हाताशी असावा म्हणून!

यातही मतभेद आहेतच. काही जाणकार म्हणतात, रेंगाळण्यापेक्षा काम झटपट उरकावे आणि यंत्राला गाढ झोपवावे. कारण जागे राहण्याचाही खर्च असतो. काही नवे प्रोसेसर तर बरेचसे निर्णय स्वतःच घेतात. पण कोणत्याही पंथाच्या कारभारात 'सदैव पूर्ण वेग' हे शहाणपण ठरत नाही.

हे सारे सांगता सांगता भाच्याने माझ्या लॅपटॉपचा तो पर्याय मुकाट्याने पूर्ववत करून ठेवला होता.

ओवाळणी झाली, जेवणे झाली. मी पाणी प्यायला उठलो, तो भाचा टेबलावर डोके टेकून झोपलेला. बहीण हळूच म्हणाली, "पहाटे तीनपर्यंत काम करत होता, दादा. रोजचंच झालंय. तू तरी सांग त्याला."

तो उठल्यावर मी विचारले, "काय रे, तुझ्या त्या कोष्टकात तुझ्यासाठी खालच्या वेगाची एखादी ओळ आहे का?"

तो हसला. "मामा, या महिनाअखेरीस काम द्यायचंय." पुढे काही बोलला नाही, मीही नाही. पण रात्री जेवणे आटोपल्यावर त्याने आपला लॅपटॉप उघडला नाही. आमच्याबरोबर गच्चीवर आला आणि आकाशकंदिलाखाली सतरंजीवर आडवा झाला. बहिणीने आत जाऊन त्याच्यासाठी उशी आणली.