गरोदरपणात किडनीचं काम दीडपट! लघवीच्या रिपोर्टमधलं काय मनावर घ्यायचं?

पुणे : गरोदर बाईच्या लघवीत साखर दिसली की घरात लगेच 'डायबेटिस झाला' सुरू होतं. तसंच असेल असं नाही. दिवस गेल्यावर किडनी जवळपास दीडपट काम करते. एवढ्या गाळणीत थोडी साखर निसटते. खात्री रक्ततपासणीनेच होते. रक्तातलं क्रिएटिनिन मात्र या काळात उतरतं, साधारण ०.४ ते ०.८ पर्यंत. म्हणून एरवी 'नॉर्मल' असलेला १.० चा आकडाही डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

बाळाला लागणारं फोलेटही लघवीवाटे जास्त जातं. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर खाणाऱ्यांची बाळं वजनाला बरी भरली. बऱ्याच जणींच्या रक्तात बी-१२ मात्र कमी निघालं. ते मेथी-चाकवतात नसतं, फोलिक ॲसिडच्या गोळीतही नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. सासूबाईंनी दुधाचा सगळा रतीब डेअरीला घालण्याआधी सुनेचा पेला बाजूला काढावा.

खरी धास्ती लघवीतल्या प्रोटीनची. पाचव्या महिन्यानंतर बीपी १४०/९० किंवा वर, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, बरगडीखाली दुखतंय, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. एरवी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी मोफत होते. तिथे बीपी आणि लघवी, दोन्ही बघायला सांगा.